घशातली गाठ आणि परळची वाट

धाराशिव तालुक्यातलं बेंबळी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. या मुलखात घशावर पोट असलेली माणसं पुष्कळ. तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी आणि आराधी रात्र रात्र गातात. कीर्तनकार सप्ताहात रोज दोन-दोन तास उभे असतात. आडतीवर सौदे पुकारणारे, आठवडी बाजारात हाका मारून माल खपवणारे, भरल्या वर्गासमोर दिवसभर बोलणारे मास्तर, हे आणखी वेगळेच. यातल्या कुणाचा आवाज बसला की उपाय ठरलेले: हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या. बहुतेकांचा घसा आठवडाभरात सुटतो. काहींचा मात्र सुटत नाही. आवाज घोगरा होत जातो, पुढे जेवताना ठसका लागतो, मग श्वासाला घरघर लागते. शंभर वर्षांपूर्वी या टप्प्यावर पोचलेला माणूस इकडे वाचत नसे. आज तोच माणूस वेळेत दवाखान्यात गेला तर गाठ काढून, बोलत, स्वतःच्या पायांनी घरी येतो.

हा बदल कसा झाला, त्याची ही हकिकत आहे. तिचा पहिला भाग युरोपात घडला आणि शेवटचा बार्शी, परांडा, भूमच्या वस्त्यांवर. मधल्या सगळ्या काळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: डॉक्टरच्या हातात उपाय आला, पण रुग्ण त्याच्यापर्यंत केव्हा पोचला?

आधी जागा समजून घेऊ. पुरुषांच्या गळ्यात कंठमणी दिसतो, त्याच्या आत स्वरयंत्र असतं. कूर्चेच्या या लहानशा पेटीत दोन स्वररज्जू आडवे ताणलेले असतात. त्यांची लांबी पुरुषांत जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर, बायकांत त्याहून कमी. श्वास घेताना ते उघडतात, बोलताना जवळ येऊन थरथरतात, आणि घास गिळताना घट्ट मिटून अन्न फुप्फुसात जाऊ देत नाहीत. म्हणजे गाठ काढायला शस्त्र ज्या फटीतून न्यायचं, तिच्यातूनच रुग्णाचा श्वास चालू असतो. इतर शस्त्रक्रियांत हात बसले होते, तरी शल्यवैद्य या जागेला शतकानुशतकं बिचकत राहिले, ते यामुळे.

तिथं उगवणाऱ्या गाठीही एका जातीच्या नसतात. सतत आवाज ताणणाऱ्यांच्या स्वररज्जूंवर समोरासमोर दोन बारीक टणक गाठी येतात. एखाद्याच्या एकाच रज्जूवर पाणीदार फुगवटा लोंबू लागतो. लहान मुलांत विषाणूमुळे चामखिळींसारखे झुपके येतात, काढले तरी पुन्हा उगवतात आणि श्वास अडवतात. या गाठी जिवावर येतात त्या श्वास अडल्यामुळे. या तिन्ही जाती कॅन्सरच्या नसतात. चौथी जात कॅन्सरची, आणि आपल्याकडे तिचं मोठं कारण विडी आणि तंबाखू. बाहेरून पाहता चारही रोगांचं पहिलं लक्षण एकच: आवाज बसणं.

आपल्या जुन्या वैद्यांना हे रोग ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत कंठाचे सतरा रोग मोजले आहेत. त्यातला गिलायु शस्त्राने बरा होतो असं सांगितलं आहे, तर आवाज नाहीसा करणारा स्वरघ्न असाध्य मानला आहे. यात आश्चर्य नाही. जिभेच्या मुळापलीकडचं जे दिसतच नाही त्यावर शस्त्र चालवणार कसं? जगात कुठेही याहून वेगळी अवस्था नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाचं स्वरयंत्र हलताना कुणी नीट पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यातला, ऑपेराच्या गायकांना तालीम देणारा माणूस. आवाज नेमका कुठून आणि कसा निघतो हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं छळत होता. १८५४ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या पॅले रोयालमध्ये फिरताना खिडक्यांच्या तावदानांवर सूर्य चमकला आणि आरशांची जोडी वापरण्याची कल्पना त्याला सुचली. दातांच्या तपासणीचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने सहा फ्रँकना विकत घेतला, गरम पाण्यात धरून कोमट केला, पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं. त्याला स्वतःचेच स्वररज्जू उघडझाप करताना दिसले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने मानवी आवाजाविषयीची आपली निरीक्षणं मांडली. गार्सियाला रोगाशी कर्तव्य नव्हतं, त्याला गाणं समजून घ्यायचं होतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर मात्र आजही आपल्या विद्येची एक सुरुवात त्याच्या आरशापासून धरतात. तो एकशे एक वर्षं जगला.

आरसा दवाखान्यात आणला तो व्हिएन्नाच्या लुडविग ट्युर्कने, १८५७ च्या उन्हाळ्यात. तो उन्हावर अवलंबून होता, म्हणून शरदात आभाळ भरून आलं तेव्हा त्याने काम थांबवलं. योहान चेर्माकने ते आरसे मागून घेतले आणि उन्हाऐवजी दिव्याचा उजेड अंतर्गोल आरशाने घशात टाकला. इतक्या साध्या बदलाने ही तपासणी बारमाही झाली. आपल्याकडच्या दवाखान्यांतही ती पुढे याच पद्धतीने होत आली. स्पिरिटच्या दिव्यावर आरसा किंचित गरम करायचा, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. रुग्णाची जीभ कापडात धरून हलकेच बाहेर ओढायची आणि त्याला लांब ‘ई’ म्हणायला सांगायचं. आवाज निघाला की रज्जू पुढे येतात आणि डॉक्टरच्या कपाळावरच्या आरशातून पडलेल्या उजेडात दोन पांढऱ्या कडा दिसतात. तिथं लालसर कोंब असेल तर तोही दिसतो.

आता दिसलेला कोंब काढायचा होता. ट्युबिंगेनचे शल्यवैद्य व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांनी १८६१ मध्ये ते करून दाखवलं, आणि रुग्ण होता त्यांचा सख्खा भाऊ. घसा बधिर करणारं औषध तेव्हा नव्हतं. भावाने आठवडेच्या आठवडे घशात हत्यार घालून घेण्याचा सराव केला, उबळ दाबायला शिकला, आणि मग ब्रुन्सनी आरशातल्या उलट्या प्रतिमेकडे बघत तोंडातून वाकडं हत्यार नेऊन तो कोंब कापला. गळ्याला बाहेरून चीर न देता, आरशात बघून काढलेली स्वरयंत्रातली ही पहिली गाठ मानली जाते. समकालीनांपैकी अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. मला या प्रसंगात डॉक्टरच्या हाताइतकाच रुग्णाचा निर्धार मोठा वाटतो. १८८४ मध्ये कार्ल कोलरने डोळ्यासाठी कोकेनचा बधिर करणारा गुण दाखवला आणि त्याच वर्षी व्हिएन्नात येलिनेकने तो घशात वापरला. त्यानंतर असा सराव करायची गरज कुणाला उरली नाही.

लहान गाठीचं हे झालं. कॅन्सर रज्जूपलीकडे पसरला असेल तर सगळं स्वरयंत्रच काढावं लागे. व्हिएन्नात थिओडोर बिलरॉथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी ते केलं. रुग्ण धर्मशिक्षण देणारा छत्तीस वर्षांचा शिक्षक होता. आधी काही भाग काढून पाहिला होता, पण रोग परत आला म्हणून पूर्ण यंत्र काढलं. बिलरॉथ यांचे सहायक गुसेनबाउअर यांनी त्याच्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवलं आणि तो शिक्षक त्यातून बोलला. काही महिन्यांनी रोगाने पुन्हा गाठलं आणि तो गेला. पुढची काही वर्षं ही शस्त्रक्रिया इतकी जीवघेणी ठरली की बरेच रुग्ण शस्त्रक्रियेतच किंवा पुढच्या काही आठवड्यांत न्यूमोनियाने दगावत. जखमेतून रक्त आणि लाळ फुप्फुसात उतरे, आणि त्यावर इलाज नव्हता.

हे ओझं डोक्यावर घेऊनच १८८७ मध्ये युरोपातले डॉक्टर जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या घशाकडे बघत होते. जानेवारीत युवराजांचा आवाज बसला. प्राध्यापक गेरहार्ट यांना डाव्या स्वररज्जूवर छोटा कोंब दिसला. तारेच्या फासाने तो निघेना, म्हणून त्यांनी तो तापलेल्या तारेने पुन्हा पुन्हा जाळला आणि तो पुन्हा पुन्हा वाढला. मे महिन्यात बर्लिनचे शल्यवैद्य बर्गमान यांनी गळा बाहेरून उघडून गाठ काढावी असा सल्ला दिला. तयारीही झाली. त्याआधी एकदा लंडनचे प्रसिद्ध घसातज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना बोलवावं असं ठरलं. मॅकेन्झींनी आरशात बघत चिमट्याने गाठीचा तुकडा काढला आणि तो रुडॉल्फ फिर्शो यांच्याकडे पाठवला. पेशींच्या विकृतिशास्त्रात त्या काळी फिर्शोंहून मोठं नाव नव्हतं. त्यांना त्या तुकड्यात कॅन्सर आढळला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. जूनमध्ये युवराज राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला लंडनला गेले, पांढऱ्या गणवेशात मिरवणुकीत घोड्यावर बसले. पुढे मॅकेन्झींना ‘सर’ हा किताब मिळाला.

नोव्हेंबरात इटलीतल्या सान रेमोला युवराजांच्या घशात गाठ नव्याने वाढलेली दिसली आणि आता कॅन्सरच आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. संपूर्ण स्वरयंत्र काढून घ्यायला युवराजांनी नकार दिला. ९ फेब्रुवारी १८८८ ला श्वास कोंडला तेव्हा ब्रामान या तरुण डॉक्टरने घाईने श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवली. ९ मार्चला वडील वारले आणि युवराज सम्राट झाले. बोलता न येणारा हा सम्राट कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून राज्यकारभार करत राहिला. नव्व्याण्णव दिवसांनी, १५ जूनला, त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात कॅन्सर निघाला. जर्मन डॉक्टरांनी आपली बाजू छापली, मॅकेन्झींनी उत्तरादाखल त्याच वर्षी पुस्तक लिहिलं, आणि दोन्ही देशांची वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जर्मनी ज्याच्या हाती होती तो दुसरा विल्हेल्म याच सम्राटाचा मुलगा. ‘बाप जगला असता तर’ हा प्रश्न इतिहासकार अजून चघळतात.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा वारसा राजकारणात नाही, दवाखान्यात आहे. ‘आधी तुकडा तपासा, मग शस्त्र चालवा’ ही पद्धत या भांडणानंतर मोडीत निघायला हवी होती. झालं उलट. तुकडा कुठून, किती खोल आणि किती वेळा घ्यायचा याचे नियम कडक झाले. एक तुकडा निर्दोष निघाला आणि डोळ्याला दिसणारी गाठ वाढतच असली तर पुन्हा तुकडा घ्यायचा, हे आज प्रत्येक घसातज्ज्ञ शिकतो.

दोन वर्षं आधी, १६ ऑगस्ट १८८६ ला, कोलकात्याजवळ काशीपूरच्या बागेत रामकृष्ण परमहंस घशाच्या कॅन्सरने गेले होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारखे नामांकित वैद्य त्यांना पाहत होते. सम्राट आणि संन्यासी, दोघांचाही शेवट त्या काळात सारखाच झाला.

बर्लिनमध्ये सम्राटाच्या आजाराचं प्रकरण चालू असताना, त्याच १८८८ साली, बेंबळी ज्या राज्यात होतं त्याच्या राजधानीत, हैदराबादला, वैद्यकाचा वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख सर्जन-मेजर एडवर्ड लॉरी यांची क्लोरोफॉर्मवर गाढ श्रद्धा होती. क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडून मारतं की श्वास बंद पाडून, हा तेव्हाचा वाद होता. लॉरींचं म्हणणं असं की मरण श्वासामुळे येतं, म्हणून नाडी न बघता श्वासावर नजर ठेवा. ते सिद्ध करायला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाखाली पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने त्याचे निष्कर्ष मानायला नकार दिला, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावलं आणि १८८९ मध्ये दुसरा आयोग शेकडो प्राण्यांवर प्रयोग करू लागला. त्याचाही निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला. पुढे, १९११ च्या सुमारास, गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या गुंगीतही क्लोरोफॉर्म हृदय अचानक बंद पाडू शकतं. आयोगाचा मुख्य दावा चुकीचा ठरला, पण गुंगी देताना श्वासावर सतत लक्ष ठेवण्याचा त्यांचा आग्रह टिकला, आणि घशाच्या शस्त्रक्रियेला त्याचीच सर्वांत जास्त गरज होती. जगातल्या वैद्यकाच्या वादात हैदराबादने हजार पौंड घातले. राज्याच्या मराठी जिल्ह्यांतल्या खेड्यांना मात्र साधा आरसा घशात घालणारा डॉक्टर पुढची कित्येक दशकं दिसला नाही. हे दोन्ही एकाच राज्यात, एकाच वेळी घडत होतं.

खेड्यातून बाहेर पडण्याची वाट काढली ती बार्शी लाईट रेल्वेने. एव्हरार्ड काल्थ्रॉपच्या या अडीच फुटी रुळांच्या गाडीने १८९७ मध्ये बार्शी मुख्य लोहमार्गाला जोडली. १९११ मध्ये ती येडशीवरून लातूरपर्यंत आली आणि १९२७ मध्ये पंढरपूरकडून मिरजेला भिडली. धाराशिवकडचा आजारी माणूस आता बैलगाडीने येडशीसारखं एखादं स्टेशन गाठून दोन दिशांना जाऊ शकत होता. एक दिशा मिरजेची, तिथं डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभारलं होतं आणि दूरदूरचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी तिकडे जात. दुसरी कुर्डुवाडीवरून मुंबईची. त्या काळात घोगऱ्या आवाजाचा माणूस डॉक्टरसमोर आला की डॉक्टरला आधी शंका येई ती क्षयाची. फुप्फुसाचा क्षय स्वरयंत्रात उतरणं फार नेहमीचं होतं, आणि त्या गदारोळात कॅन्सर मागे राहून जाई.

मुंबईच्या दिशेला खरा अर्थ आला तो २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. त्या दिवशी परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचं उद्घाटन गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्या वर्षी सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावच्या विश्वस्त निधीतून ही सात मजली वास्तू उभी राहिली. सुरुवातीपासून तिथं दोन माणसं होती, त्यांची नावं या हकिकतीत घ्यायलाच हवीत. डॉ. वसंत रामजी खानोलकर प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. फिर्शोंनी युवराजांच्या बाबतीत जे काम केलं, तेच ते इथल्या गरीब रुग्णांसाठी करत: तुकडा बघायचा आणि निदान सांगायचं. आणि मूळचे गोव्याचे शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जेस. कॅन्सरच्या शस्त्रक्रियांची एक पिढीच त्यांच्या हाताखाली तयार झाली. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

खानोलकरांना केवळ निदानावर समाधान नव्हतं. पश्चिमेकडे तोंडा-घशाचे कॅन्सर थोडे आणि आपल्याकडे इतके का, हे त्यांना शोधायचं होतं. १९५५ मध्ये एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांचा शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मुंबईच्या रुग्णांना विचारून त्यांनी तंबाखू चघळणारे आणि ओढणारे वेगळे काढले. चघळणाऱ्यांना तोंडाचा कॅन्सर अधिक, ओढणाऱ्यांना घशाच्या मागच्या आणि खालच्या भागाचा अधिक, असं चित्र दिसलं. विडीतला धूर घशात जिथवर पोचतो तिथवर रोगही पोचतो, हे मराठी माणसाला त्याच्याच देशातल्या पुराव्यानिशी सांगणारं हे सुरुवातीचं काम. सोलापूर तर विड्या वळणाऱ्यांचं शहर. विडी या सगळ्या पट्ट्यात शेतावर, पारावर, गवंड्याच्या कामावर, सगळीकडे होती आणि आहे.

परळला येणाऱ्यांत खेड्यातले रुग्ण बहुधा उशिराच येत. ‘टाटाला नेलं’ हे शब्द गावात उच्चारले की लोक आशा सोडत, इतका तो प्रवास शेवटचा मानला जाई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही अशा रुग्णांचे नातेवाईक स्टोव्हवर पिठलं-भाकरी करताना दिसतात. रोग रज्जू सोडून कूर्चेत शिरला असेल तर शल्यवैद्याला संपूर्ण स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नसे. न्यूमोनियाचं भय पेनिसिलिन आल्यावर पुष्कळ कमी झालं. श्वासनलिकेचं टोक गळ्याच्या पुढच्या बाजूला कायमचं शिवून टाकायचं तंत्रही पक्कं झालं. मुंबईत नायर रुग्णालयात डॉ. एल. एच. हिरानंदानी यांनी डोकं-मानेच्या शस्त्रक्रियांत नाव कमावलं. १९७२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. माणूस वाचू लागला.

पण वाचलेला माणूस गावी परतल्यावर त्याचं आयुष्य कसं असे, हे डॉक्टरांच्या कागदांत फारसं येत नाही. त्याचा श्वास आता नाकातून जात नाही, गळ्यातल्या भोकातून जातो. त्यामुळे भाजीला दिलेल्या फोडणीचा वास त्याला येत नाही. चुलीत फुंकणी घालून फुंकर मारता येत नाही. विहिरीत उतरून पोहता येत नाही, कारण पाणी सरळ फुप्फुसात शिरेल. मळणीच्या दिवसांत भुसा उडतो तेव्हा भोकावर ओला रुमाल बांधून बसावं लागतं. आणि बैलाला हाक मारता येत नाही. त्याला बोलतं करायचे तीन उपाय निघाले. पहिला, हवा अन्ननलिकेत गिळून ढेकरेसारखी सोडत शब्द घडवायचे. हे सगळ्यांना जमत नाही. दुसरा, हनुवटीखाली धरायचं बॅटरीचं यंत्र, त्याचा आवाज सपाट आणि यांत्रिक. तिसरा १९८० च्या सुमारास अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर यांनी आणला. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप बसवायची. बोटाने गळ्याचं भोक झाकलं की हवा त्या झडपेतून घशात जाते आणि माणूस बोलतो. अडचण किमतीची होती. परदेशी झडप हजारो रुपयांची आणि ती वरचेवर बदलावी लागते. बंगळुरूचे शल्यवैद्य डॉ. विशाल राव यांनी गेल्या दशकात ‘ओम’ नावाची झडप शंभर रुपयांच्या आत तयार करवून घेतली. मला हे काम बिलरॉथ यांच्या कामाच्या तोलाचं वाटतं. आवाजाची किंमत शेतमजुराच्या आवाक्यात आणण्याचा विचार यात झाला.

लहान गाठींचं शास्त्र या काळात वेगळ्या वाटेने पुढे गेलं. १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइनने आरसा बाजूला ठेवून सरळ नळीतून स्वरयंत्र पाहिलं. गुस्ताव किलियानने ती नळी आधाराला टांगून दोन्ही हात मोकळे केले. १९६० च्या दशकात ऑस्कर क्लाइनसासर यांनी तिच्यासमोर चारशे मिलिमीटरचं भिंग लावलेला सूक्ष्मदर्शक आणला. आज धाराशिव, लातूर, सोलापूरकडे लोक ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. रुग्ण उताणा झोपलेला, मान किंचित वर, डोकं मागे कललेलं, दातांना कवच. गुंगीची बारीक नळी श्वासासाठी घशातच, आणि तिच्या शेजारून पोलादी नळी. सूक्ष्मदर्शकातून स्वररज्जू बोटाएवढा दिसतो. वीतभर लांब दांड्याच्या, टोकाला तांदळाएवढ्या कात्रीने वरची पातळ त्वचा उचलून तिच्याखालची गाठ सोडवतात. खालच्या स्नायूला धक्का लागला तर आवाज कायमचा खरखरीत होतो, म्हणून मिलिमीटरच्या अंशाचा हिशेब. निघालेला प्रत्येक तुकडा तपासायला जातो. नंतर रुग्णाला काही दिवस मौन. १९७२ मध्ये बॉस्टनच्या स्ट्राँग आणि याको यांनी याच सूक्ष्मदर्शकाला कार्बन डायऑक्साइड लेसर जोडला. मुलांमधले पुन्हा पुन्हा उगवणारे झुपके आणि रज्जूवरचा लहान कॅन्सर काढायला त्याचा मोठा उपयोग झाला.

वाढलेल्या कॅन्सरसाठीही पर्याय आला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांवरचा अभ्यास छापला. आधी केमोथेरपीची औषधं आणि मग किरणोपचाराचे शेक दिले तर सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचं स्वरयंत्र वाचलं, आणि जगण्याचं प्रमाण शस्त्रक्रिया केलेल्यांइतकंच राहिलं. त्यानंतर सरसकट स्वरयंत्र काढण्याचा काळ संपला.

एवढं सगळं हाताशी असूनही खेड्यातला माणूस उशिराच येत होता. या प्रश्नाला थेट भिडणारं काम बेंबळीच्या शेजारीच उभं राहिलं. बार्शीला डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने ग्रामीण कॅन्सर संस्था आणि नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय सुरू झालं. १९८७ मध्ये टाटाच्या साथीने तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला. परांडा आणि भूम धाराशिवचे. या तीन तालुक्यांतली सुमारे साडेतीनशे गावं नोंदणीत घेतली. शहरात रुग्णालयांच्या वह्या चाळून कॅन्सरची मोजदाद होते. खेड्यात रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता, मरणाच्या दाखल्यावर कारणही धड लिहिलेलं नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, गावातली जाणती माणसं यांना भेटून विचारू लागले: कुणाला न भरणारी जखम आहे का, गाठ आहे का, गिळायला त्रास होतो का, आवाज बदलून राहिला आहे का? संशय आला की त्या माणसाला तपासणीला आणायचं.

मोजण्यासाठी सुरू झालेल्या या फेऱ्यांनी रोगाचा टप्पाच बदलला. काही वर्षांत या भागातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्याचं नोंदींतून दिसलं. त्यावरच पुढचं मोठं काम उभं राहिलं: १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतल्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांची तपासणी, आणि २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेले तिचे निष्कर्ष. एच.पी.व्ही. विषाणूच्या एका तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणता येतात, हे जगाला धाराशिवच्या बायकांमुळे कळलं. घशाच्या कॅन्सरला अशी मोठी चाचणी मिळालेली नाही. पण दारात जाऊन विचारलं की खेड्यातला माणूस लवकर येतो, ही बार्शीची शिकवण घशालाही लागू आहे.

किंबहुना घशाला ती अधिक लागू आहे, आणि त्याला शरीररचनेचं कारण आहे. स्वररज्जूंच्या कडेला लसिकावाहिन्या फार थोड्या असतात, त्यामुळे तिथला कॅन्सर बराच काळ जागेवरच राहतो. पोटातला किंवा फुप्फुसातला कॅन्सर मोठा होईपर्यंत गप्प राहू शकतो. रज्जूवरचा मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा असतानाच आवाज बिघडवतो. या टप्प्यावर सापडला तर लेसरने किंवा नुसत्या शेकाने दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात आणि आवाजही राहतो.

खर्चाची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा सोलापूर त्यात होता, धाराशिव नव्हता. २०१३ च्या अखेरीस ती सगळ्या राज्याला लागू झाली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, औषधं आणि शेक तिच्यात बसतात. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, लातूर आणि सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, धाराशिवलाही अलीकडे झालं आहे. परळला जावं लागलंच तर ते पुढच्या पायरीला.

म्हणून बेंबळीच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरातल्या कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, आणि त्यातून तो माणूस विडी किंवा तंबाखूचा असेल, तर गुळण्या आणि ज्येष्ठमध थांबवा आणि त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. आरशाने किंवा दुर्बिणीने स्वररज्जू बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गाठ साधी निघाली तर काळजी मिटते. कॅन्सरची निघाली तर ती बरी होण्याजोगी असतानाच सापडते. आशाताई, ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी, सप्ताहाचे आयोजक, ज्यांचं गावात ऐकलं जातं त्या सगळ्यांनी ही तीन आठवड्यांची मुदत लोकांना सांगावी.